मुशीत वितळणारी नाणी आणि जेम्स प्रिन्सेप: टांकसाळीतल्या अधिकाऱ्याने भारताचा विसरलेला इतिहास कसा वाचला?

पावसाळ्यात नदीकाठची दरड कोसळते आणि मातीतून काळपट पडलेलं एखादं नाणं वर येतं. कधी शेत नांगरताना फाळाला मडकं लागतं, कधी जुन्या घराचा पाया खणताना खुळखुळाट होतो. जुनी नाणी भारतात नेहमी अशीच सापडत आली आहेत. पूर्वी ज्याला ती मिळायची, तो ती सोनाराकडे किंवा तांबटाकडे न्यायचा. तिथे वजन व्हायचं, धातूचा भाव मिळायचा आणि नाणं मुशीत जायचं. त्यावर कोणत्या राजाचं नाव होतं, हे विचारणारं कोणी नव्हतं. विचारलं असतं तरी सांगणारं कोणी नव्हतं, कारण त्यावरची लिपी वाचता येणारा एकही माणूस उरला नव्हता.

1830 च्या दशकात मात्र अशी काही नाणी कलकत्त्यातल्या एका टेबलावर येऊन पोहोचू लागली. त्या टेबलामागे बसलेल्या माणसाची नोकरीच मुळी धातूची पारख करण्याची होती. त्याचं नाव जेम्स प्रिन्सेप.

डोळ्यांच्या दुखण्याने बदललेली वाट

जेम्सचा जन्म 20 ऑगस्ट 1799 रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्याचे वडील जॉन प्रिन्सेप यांनी भारतात निळीच्या धंद्यात पैसा कमावला होता. जेम्सचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून त्याला वास्तुकलेचं शिक्षण द्यायचं ठरलं. पण डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि बारीक रेषांचं ते काम सोडावं लागलं. मग वडिलांनी त्याला धातूंचा कस तपासण्याचं शिक्षण दिलं, कारण कंपनी सरकारच्या टांकसाळींना अशी माणसं लागत होती.

1819 च्या सप्टेंबरमध्ये, विशीत नुकतंच पाऊल टाकलेला जेम्स कलकत्त्याला उतरला. टांकसाळीत त्याचे वरिष्ठ होते होरेस हेमन विल्सन, त्या काळचे मोठे संस्कृत पंडित. वर्षभरात जेम्सची बदली बनारसच्या टांकसाळीत झाली आणि पुढची दहा वर्षं तो तिथेच राहिला.

बनारसमध्ये टांकसाळीचं काम सांभाळून त्याने बरंच काही केलं. शहराचा नकाशा बनवला, लोकसंख्या मोजली, तुंबणाऱ्या पाण्याचा निचरा करण्यासाठी भुयारी गटार बांधलं, कर्मनाशा नदीवर पूल उभारला. भट्टीतलं प्रचंड तापमान अचूक मोजण्याच्या त्याच्या प्रयोगांमुळे लंडनच्या रॉयल सोसायटीने 1828 मध्ये त्याला आपला सभासद करून घेतलं.

वितळवणारा आणि वाचवणाराही

1830 मध्ये तो कलकत्त्याला परतला. दोनच वर्षांत विल्सन इंग्लंडला गेले आणि त्यांची दोन्ही कामं प्रिन्सेपकडे आली. एक टांकसाळीतल्या मुख्य पारख अधिकाऱ्याचं आणि दुसरं एशियाटिक सोसायटीच्या सचिवाचं.

त्या काळी देशात अनेक प्रकारचे रुपये चालायचे. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा. बाजारात सराफ बट्टा लावायचे आणि सामान्य माणूस नाडला जायचा. सगळीकडे एकच वजन आणि एकच नाणं असावं, असा प्रिन्सेपचा आग्रह होता. 1835 मध्ये कायदा झाला आणि 180 ग्रेन वजनाचा कंपनीचा एकसारखा रुपया सुरू झाला. 180 ग्रेन म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. हाच एक तोळा.

नवे रुपये पाडायचे तर जुनी चांदी वितळवावी लागते. म्हणजे दिवसभर जुनी नाणी भट्टीत पाठवणाऱ्या यंत्रणेचाच प्रिन्सेप हा एक भाग होता. आणि उरलेल्या वेळात तोच माणूस देशभरातल्या लोकांना विनवत होता, की सापडलेली जुनी नाणी वितळवू नका, ती माझ्याकडे पाठवा. सोबत ती कुठे आणि कशी सापडली तेही कळवा.

कालव्यात, पुरात आणि माळरानावर सापडलेली नाणी

प्रिन्सेपच्या आधीही असे शोध लागले होते. 1783 मध्ये कलकत्त्याजवळच्या कालीघाट इथे सोन्याच्या नाण्यांचा साठा मिळाला होता. वॉरन हेस्टिंग्जने ती नाणी लंडनला पाठवली आणि ती तिथे विखुरली गेली. ती गुप्त राजांची होती, पण गुप्त राजे कोण हेच तेव्हा विस्मरणात गेलं होतं. राजस्थानचा इतिहास लिहिणारा कर्नल जेम्स टॉड मथुरेच्या परिसरात पावसाळ्यात माणसं नेमायचा. पाण्याने जुने पाये उकरले गेले की उघडी पडणारी नाणी ती माणसं वेचून आणायची. त्यातूनच भारतातल्या ग्रीक राजांची नाणी अभ्यासकांसमोर आली.

आता असे शोध एका जागी जमू लागले. 1834 मध्ये सहारनपूरजवळ बेहट इथे कालव्याचं काम चालू होतं. त्यावर देखरेख करणाऱ्या प्रोबी कॉटली या अधिकाऱ्याला जमिनीखाली सुमारे 17 फुटांवर जुन्या वस्तीचे अवशेष आणि नाणी मिळाली. त्याने ती प्रिन्सेपकडे पाठवली. रणजितसिंहांच्या फौजेतला इटालियन सेनानी व्हेंतुरा याने पंजाबातल्या माणिक्याला इथला स्तूप उघडला होता. त्यात सापडलेल्या कुशाण राजांच्या नाण्यांसह सगळा ऐवज त्याने प्रिन्सेपच्या हवाली केला.

सर्वांत मोठा खजिना मात्र अफगाणिस्तानात मिळाला. काबूलच्या उत्तरेला बेग्रामचं माळरान आहे. तिथे गुरं चारणाऱ्यांना जुनी नाणी सहज सापडायची. चार्ल्स मॅसन नावाने वावरणारा, कंपनीच्या फौजेतून पळालेला एक सैनिक 1833 मध्ये तिथे पोहोचला. दरवर्षी किमान तीस हजार नाणी तिथून निघतात आणि बहुतेक सगळी काबूलच्या टांकसाळीत आणि तांबटांकडे वितळवली जातात, असा त्याचा अंदाज होता. मॅसनने ती विकत घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच हंगामात त्याने तांब्याची 1,865 नाणी जमवली. पुढे या कामासाठी त्याला मुंबई सरकारकडून पैसे मिळू लागले. मॅसनने काढलेली टिपणं आणि नाण्यांची चित्रं प्रिन्सेपने आपल्या मासिकात छापली.

एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला कोडं

यातल्या अनेक नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं होती. ती वाचता येत होती. दुसऱ्या बाजूला मात्र अनोळखी लिपी होती, जिला आज आपण खरोष्ठी म्हणतो.

दोन्ही बाजूंना एकच मजकूर असणार, हा साधा तर्क इथे कामाला आला. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मायस या राजांची नावं आणि राजाला लावलेल्या पदव्या ग्रीकमध्ये जिथे येतात, तिथे दुसऱ्या बाजूला ठरावीक अक्षरसमूह येतात, हे मॅसनच्या लक्षात आलं. त्याने ते कळवलं आणि प्रिन्सेपने एकेक अक्षर जुळवायला घेतलं. सुरुवातीला तो चुकला. ही भाषा इराणकडची असावी असं त्याला वाटलं होतं. ती भारतातलीच प्राकृत आहे हे लक्षात आल्यावर बरीचशी अक्षरं जागेवर बसली.

दुसरं कोडं होतं ब्राह्मी लिपीचं. दिल्ली आणि अलाहाबादच्या दगडी स्तंभांवर ती कोरलेली होती, पण कोणालाही वाचता येत नव्हती. इथेही पहिला धागा नाण्यानेच दिला. अगाथोक्लिस या ग्रीक राजाच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी होती. ख्रिस्तियन लासेन या विद्वानाने 1836 मध्ये त्यावरून त्या राजाचं नाव ओळखलं.

1837 मध्ये सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख प्रिन्सेपकडे आले. प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं येत होती. भाविकांनी दिलेल्या दगडांवर शेवटी काय लिहिलं असेल? दान! त्या एका शब्दातून ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरं हाती लागली आणि काही आठवड्यांत स्तंभांवरचे लेखही वाचता येऊ लागले. ते प्रियदर्शी नावाच्या राजाचे होते. प्रिन्सेपला आधी तो श्रीलंकेतला राजा वाटला. श्रीलंकेत राहणाऱ्या जॉर्ज टर्नर याने पाली ग्रंथांच्या आधारे दाखवून दिलं, की हा तर मगधाचा सम्राट अशोक. पुढे गिरनारच्या शिलालेखात ग्रीक राजांची नावं मिळाली आणि अशोकाचा काळही ठरवता आला.

चाळिशीतच संपलेलं आयुष्य

हे सगळं प्रिन्सेप नोकरी सांभाळून करत होता. दिवसा टांकसाळ, उरलेल्या वेळात पत्रव्यवहार, मासिकाचं संपादन आणि नाण्यांची चित्रं. ही चित्रंही तो बरेचदा स्वतःच काढायचा. ज्या बारीक कामामुळे लहानपणी शिक्षण सोडावं लागलं, तेच काम आता तो रात्रंदिवस करत होता.

1838 मध्ये त्याला तीव्र डोकेदुखीने गाठलं. प्रकृती ढासळत गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला जहाजाने इंग्लंडला न्यावं लागलं. तो पुन्हा सावरला नाही. 22 एप्रिल 1840 रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचं वय अवघं 40 होतं. कलकत्त्यात हुगळीच्या काठावर त्याच्या नावाने बांधलेला प्रिन्सेप घाट आजही उभा आहे. त्याने जमवलेली नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये गेली.

आणि नाशिकजवळचा साठा

प्रिन्सेपच्या कामाचं मोल महाराष्ट्राला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर 66 वर्षांनी. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावात चांदीची 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यांवर ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिपी होत्या. त्यातल्या दोन लिपी प्रिन्सेपच्या टेबलावर उलगडल्या होत्या.

यातल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसऱ्या राजाचा छाप मारलेला होता. ते नाव होतं गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो, की सातवाहनांच्या या राजाने क्षहरात घराण्याचा नाश केला. नहपान त्याच घराण्यातला. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या विजयाचा पुरावाच हातात ठेवला. हा साठा शंभर वर्षं आधी सापडला असता, तर सोनाराने त्याचं वजन केलं असतं आणि तेरा हजार नाण्यांची चांदी मुशीत गेली असती.