नेरोली : फुलांच्या अर्कात उरलेले एक नाव

सुगंधी द्रव्यांच्या व्यापारात 'नेरोली' या नावाला मोठा मान आहे. कडू संत्र्याची पांढरीशुभ्र फुले वाफेवर ऊर्ध्वपातित करून हे तेल काढतात. सुमारे एक हजार किलो फुलांतून जेमतेम एक किलो तेल मिळते. (आपल्या नागपुरी संत्र्याची जात वेगळी. हे फळ इतके कडू की ते मुख्यतः मार्मलेडच्याच कामी येते.) नेरोली हे फुलाचे नाव नव्हे. रोमजवळच्या नेरोला या गावावरून ते आले, आणि ते अत्तराला चिकटले एका स्त्रीमुळे.

मारी-आन द ला त्रेमॉय हिचा जन्म १६४२ मध्ये फ्रान्समधील एका सरदार घराण्यात झाला. १६५९ मध्ये तिचा विवाह प्रिन्स द शाले याच्याशी झाला. काही वर्षांतच हा उमदा गडी एका द्वंद्वयुद्धात सापडला. राजाज्ञेनुसार द्वंद्वाला मृत्युदंड होता. तो देश सोडून पळाला आणि पाठोपाठ पत्नीही निघाली. १६७० मध्ये तो इटलीत मरण पावला. अपत्य नाही, पैसा नाही, अशी ती रोममध्ये एकटी उरली.

१६७५ मध्ये तिने फ्लाविओ ओर्सिनी याच्याशी दुसरा विवाह केला. ब्राच्यानोचा ड्यूक आणि नेरोलाचा प्रिन्स असलेला हा सरदार कर्जात बुडालेला होता. पतिपत्नींचे फारसे पटले नाही. पण ओर्सिनींचा रोममधील वाडा तिने फ्रेंच राजकारणाचा अड्डा बनविला. याच काळात तिने कडू संत्र्याच्या फुलांचा सुगंध प्रचारात आणला, असे परंपरा सांगते. कातडे कमावताना त्याला उग्र दर्प येई, म्हणून उच्चभ्रू मंडळी सुवासिक हातमोजे वापरीत. फ्रान्समध्ये तर हातमोजे करणारे आणि अत्तरे विकणारे एकाच व्यवसायसंघात मोडत. नेरोलाच्या प्रिन्सेसने आपल्या हातमोज्यांना आणि स्नानाच्या पाण्याला हा गंध दिला आणि पाहता पाहता त्याची फॅशन झाली. संत्र्याच्या फुलांचा अर्क त्याआधीही माहीत होता. तिने त्याला नाव मिळवून दिले, तेही पतीच्या जहागिरीचे!

१६९८ मध्ये ती पुन्हा विधवा झाली. यापुढे ती प्रिन्सेस देझ्युर्सँ, म्हणजे ओर्सिनींची प्रिन्सेस, या नावाने ओळखली गेली. १७०१ मध्ये चौदाव्या लुईचा सतरा वर्षांचा नातू पाचवा फिलिप स्पेनच्या गादीवर होता आणि त्याची नववधू मारिया लुइसा अवघी तेरा वर्षांची होती. राणीची मुख्य मानकरीण म्हणून साठीच्या उंबरठ्यावरील या बाईची नेमणूक झाली. रात्री राजाचा झगा, तलवार आणि दिवाही तिलाच सांभाळावा लागे. ती कामे तिने केली आणि त्याच दालनांतून राज्यही चालविले. तिचा प्रभाव खटकल्याने १७०४ मध्ये लुईने तिला परत बोलाविले; पण व्हर्सायमध्ये जाऊन तिने त्याचेच मन वळविले आणि १७०५ मध्ये ती सन्मानाने माद्रिदला परतली. वारसायुद्धात दरबाराला राजधानी सोडावी लागली, तेव्हाही तिने राणीची साथ सोडली नाही. तिला कारस्थानी म्हणणारे अनेक आहेत. त्या पडत्या काळात राजाला धीर देणारी माणसे किती होती, हेही त्यांनी पाहावे.

फेब्रुवारी १७१४ मध्ये तरुण राणी वारली आणि येथे या चतुर स्त्रीचा अंदाज चुकला. पार्माची एलिझाबेथ फार्नेसे ही गरीब स्वभावाची मुलगी आहे, या आल्बेरोनीच्या शब्दावर विसंबून तिने राजाचा दुसरा विवाह जुळविला. २३ डिसेंबर १७१४ च्या रात्री हाद्राके या गावी ती नव्या राणीच्या स्वागतास गेली. पहिल्याच भेटीत राणीने तिला हाकलून दिले. बहात्तर वर्षांच्या वृद्धेला दरबारी पोशाखातच, कपडे बदलण्याचीही उसंत न देता, बग्गीत घालून पहाऱ्यात फ्रान्सच्या सरहद्दीकडे धाडण्यात आले. बाहेर बर्फ आणि कडाक्याची थंडी होती. राजाने तिची बाजू घेतली नाही.

अखेर ती रोमला परतली आणि तेथे परागंदा स्टुअर्ट राजघराण्याच्या दरबारात वावरू लागली. दरम्यान १७०९ मध्ये कोलोन शहरात फारिना घराण्याची पेढी सुरू झाली होती आणि तिच्या 'ओ द कोलोन'मुळे संत्रावर्गीय सुगंध युरोपभर पोहोचत होता. ५ डिसेंबर १७२२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिचे रोममध्ये निधन झाले.