संत व्हिन्सेंट डी पॉल व शातियोंचा उन्हाळा

गास्कनींतील एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले व्हिन्सेंट इ. स. १६०० मध्यें धर्मगुरु झाले. बऱ्या उत्पन्नाची जागा मिळावी व आईचा सांभाळ व्हावा, एवढीच त्यांची प्रारंभींची आकांक्षा होती.

१६१७ सालीं पॅरिसच्या एका सरदारघराण्यांतील शिकवणी सोडून ते शातियों ह्या दूरच्या गांवीं धर्मग्रामाचे गुरु म्हणून गेले. ऑगस्टमधील एका रविवारीं, मिस्सेपूर्वीं, त्यांना कळलें कीं गांवाबाहेर एक सबंध कुटुंब आजारानें अंथरुणास खिळलें असून शुश्रूषेस कोणी नाहीं. प्रवचनांत त्यांनीं त्या घरासाठीं कळवळून विनंति केली. दुपारीं ते स्वतः निघाले, तों रस्त्यानें अन्न घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागलेली! परंतु आजचें हें अन्न नासेल आणि उद्यां पुन्हां उपासच पडेल, हें त्यांनीं ओळखलें. दया होती, व्यवस्था नव्हती. त्याच महिन्यांत त्यांनीं गांवांतील स्त्रियांचा संघ उभारून सेवेच्या पाळ्या लावून दिल्या.

डिसेंबरांत ते पॅरिसला परतले, ते गरिबांचे सेवक होऊनच. १६२५ सालीं मिशन संघ व १६३३ सालीं संत लुईज द मारियाक ह्यांच्यासह दयेच्या भगिनींचा संघ त्यांनीं स्थापिला. १६६० सालीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. १७३७ सालीं त्यांना संतपद लाभलें.

वाचकहो, आपल्या वेशीबाहेरचें आजारी घर आपणांस विसरूं नये.