३,७०० फुटांचा सिनेमा किती जीबीचा? दादासाहेब फाळके यांच्या रिळातून समजून घ्या फ्रेम रेट आणि बिटरेट

मोबाइलवर व्हिडिओ ३० एफपीएसने काढायचा की ६० ने, हा आज स्टोरेजचा प्रश्न आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांच्यासाठी तो रोख पैशांचा होता.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी, छपाई असे उद्योग करून झाल्यावर १९११ मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाने त्यांना झपाटले. विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे घरीच अंधारात पाडावी लागत. ते किचकट काम पत्नी सरस्वतीबाई करत.

कॅमेरा हाताने फिरवायचा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरत आणि ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ च फ्रेम बसतात. हिशेब सरळ: एक सेकंद, एक फूट. फ्रेम रेट दुप्पट केला की फिल्मही दुप्पट खपणार.

भांडवलदारांना पटवायला फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याची वाढ सलग टिपली असती तर दिवसाला ८६,४०० फूट फिल्म लागली असती! त्यांनी ठरावीक काळाने एकेक फ्रेम घेतली. कित्येक दिवसांची वाढ मिनिटभराच्या चित्रपटात मावली. आजच्या भाषेत टाइमलॅप्स. पैसे मिळाले, तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. लांबी ३,७०० फूट; १६ च्या वेगाने सुमारे ६२ मिनिटे, २४ च्या वेगाने ४१.

आता हेच रीळ डिजिटल करू. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. ८ एमबीपीएस बिटरेट म्हणजे सेकंदाला १ एमबी, म्हणून १६ एफपीएसला फाइल ३.७ जीबीची. २४ ला सिनेमा लवकर संपतो, फाइल २.५ जीबीच्या आसपास येते. फ्रेम तेवढ्याच, पण प्रत्येकीच्या वाट्याला ५०० ऐवजी ३३३ किलोबिट. बारीक तपशील इथेच पुसट होतो. मोबाइलवर ६० एफपीएसची फाइल फुगते, कारण ही तूट भरायला फोन बिटरेटही वाढवतो. वाटाण्याच्या कुंडीसारखे स्थिर दृश्य मात्र कमी बिटरेटमध्येही छान दिसते. कोडेक एक फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढे मुख्यतः बदल तेवढे नोंदवतो. फाळके यांच्या फिल्मला ही सोय नव्हती; न हललेल्या कुंडीलाही प्रत्येक फ्रेममध्ये तेवढीच जागा.

पुढे ‘लंका दहन’ गाजला, १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. मग बोलपट आले. आवाज चित्राशेजारीच फितीवर उमटू लागला, वेग बदलला की तोही बिघडे. म्हणून २४ फ्रेम कायम झाल्या. बोलपट म्हणूनच काढलेला फाळके यांचा एकच चित्रपट, १९३७ चा ‘गंगावतरण’. तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.