शंकरशेट स्कॉलर चिंतामणराव

आपल्या मंडळात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना स्मृती-शिष्यवृत्त्या दिल्या जातात. पाकिटावर कोणा दिवंगताचे नाव असते, मूल ते वाचते, नमस्कार करते आणि जागेवर जाऊन बसते. यंदा एका मुलीने आम्हाला विचारले, असली शिष्यवृत्ती मिळवणारा कुणी पुढे खरोखर मोठा झाला का? तेव्हा आम्ही घाईत एकच नाव सांगितले, सी. डी. देशमुख. तिला ते माहीत नव्हते. आम्ही बँकेत जन्म घालवलेला माणूस, आम्हाला हे थोडे लागलेच. म्हणून हा लेख.

चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी, रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात, महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील. बालपण रोह्याला गेले आणि पुढचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. 1912 साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. नाना शंकरशेट 1865 साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ संस्कृतातल्या गुणांवर दिली जाणारी ही शिष्यवृत्ती म्हणजे मराठी घरांत केवढा मान होता, हे आमच्या पिढीला सांगायला नको. वरसंशोधनात मुलगा शंकरशेट स्कॉलर आहे एवढे सांगितले की बाकी चौकशा आखडत्या घेतल्या जात.

पण स्कॉलर झाले म्हणून चिंतामणराव संस्कृतचे पंडित झाले नाहीत. ते केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले आणि तिथे वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र शिकले. वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही पटकावले. 1918 साली आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. त्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनला होते. ही सरकारी नोकरी सोडून देशकार्यात पडावे का, असा प्रश्न घेऊन हा तरुण त्यांना भेटला. स्वतंत्र भारताला राज्यकारभार जाणणारी माणसे लागतील, तेव्हा अनुभव घे, असा लोकमान्यांचा सल्ला पडला. तो त्यांनी मानला आणि मध्यप्रांत व वऱ्हाडात रुजू झाले.

आता आमच्या खात्याचा विषय. रिझर्व्ह बँक 1935 साली सुरू झाली. पहिले दोन्ही गव्हर्नर परदेशी होते. ऑगस्ट 1943 मध्ये चिंतामणराव पहिले भारतीय गव्हर्नर झाले. लढाईचा काळ, महागाई भडकलेली. 1944 साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. पुढे फाळणी झाली आणि एकाच बँकेला काही महिने दोन देशांचे चलन सांभाळावे लागले. जून 1948 अखेर पाकिस्तानचे काम वेगळे झाले. साधी शाखा फोडून दोन शाखा करायच्या तरी ताळेबंद जुळवताना आमच्या नाकी नऊ येत, तिथे हे देशाचे खाते फोडणे होते! 1 जानेवारी 1949 रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे ते अर्थमंत्री असताना 1955 साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले.

1956 हे साल आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. जुने हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा तिकडे गेला, आपण इथे राहिलो. एकेका घरातले दोन भाऊ दोन राज्यांचे झाले. त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायचे ठरले आणि मुंबईत गोळीबारात माणसे मेली. कुलाब्यातून निवडून आलेल्या चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा पुढे केला आणि जुलैत ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे आक्षेप त्यांनी लोकसभेत उघड मांडले. मोर्चात न जाणारा, घोषणा न देणारा माणूस. त्याने खुर्ची सोडली याचे वजन आमच्या मते शंभर सभांहून जास्त होते. काहींना तो राजीनामा उशिरा आला असेही वाटले; आम्हाला तसे वाटत नाही.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. 1959 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1969 साली ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि हरले. या सगळ्या धबडग्यात संस्कृत सुटले नाही. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद त्यांनी गव्हर्नर असताना केला, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली आणि स्वतःच्या संस्कृत कविताही प्रसिद्ध केल्या. बागकामाचे वेड मात्र केंब्रिजचे.

त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या. त्या 1949 साली वारल्या. 1953 साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, घटना समितीच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. 1975 साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. उतारवयात दोघे हैदराबादला येऊन राहिले. 1981 साली दुर्गाबाई गेल्या आणि 2 ऑक्टोबर 1982 रोजी, इथेच, चिंतामणराव गेले.

आम्ही तेव्हा बँकेत नुकतेच लागलो होतो. एकाच गावात राहून त्यांना एकदा जाऊन नमस्कार करावा, हे कधी सुचले नाही. गांधी जयंतीची सुट्टी संपल्यावर शाखेत ही बातमी निघाली. आमचे हेड कॅशियर तेलुगू होते. दुर्गाबाईंचे यजमान गेले, असे ते म्हणाले. मग त्यांनी खिशातल्या पाकिटातून जपून ठेवलेली, राजाच्या चित्राची दहा रुपयांची जुनी नोट काढली आणि तिच्यावरची देशमुखांची सही आम्हाला दाखवली. ती नोट काउंटरवर हातोहात फिरली आणि मग कामाला सुरुवात झाली.