वेताळ: सवाई जयसिंहांच्या दरबारातून रुपेरी पडद्यावर

जयपूरचे संस्थापक महाराजा सवाई जयसिंह हे वेधशाळांमुळे सर्वपरिचित आहेत. विक्रम आणि वेताळाची कथा त्यांच्याच आज्ञेवरून संस्कृतातून ब्रज भाषेत आली, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

१६८८ मध्ये जन्मलेले जयसिंह अकराव्या वर्षी आमेरच्या गादीवर आले. १७२७ मध्ये त्यांनी जयपूर वसवले. विक्रमाची उज्जैन ज्या माळव्यात आहे, त्या माळव्याचे ते मोगलांचे सुभेदार होते. १७३३ मध्ये मंदसोर येथे मराठ्यांनी त्यांना माघार घ्यायला लावली. तरीही १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा जयसिंहांनी त्यांचे आदरातिथ्य केले.

त्यांच्या पदरी भाषांतरकारांना मान होता. जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. सुरत कवीश्वर यांनी 'वेताळ पंचविशी' ब्रज भाषेत नेली. १७४३ मध्ये जयसिंहांचे निधन झाले. माळवा गेला, कथा राहिली. ब्रज पाठावरून १८०५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयासाठी हिंदुस्थानी आवृत्ती तयार झाली. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन यांनी इंग्रजीत वेताळाला 'व्हॅम्पायर' केले. हा वेताळ रक्त पीत नाही, कोडी घालतो. तेव्हा हे नाव त्याला फारसे शोभत नाही.

२०१७ च्या 'विक्रम वेधा' या तमिळ चित्रपटाने वेताळाला आजच्या चेन्नईत आणले. राजाच्या जागी पोलीस अधिकारी आला आणि वेताळाच्या जागी गुंड. २०२२ मध्ये हाच चित्रपट हिंदीत झाला. स्मशानाऐवजी चौकशीची खोली आहे. गुंड तिथे गोष्ट सांगतो आणि न्याय काय, ते अधिकाऱ्यालाच विचारतो.