टेफ्लॉनचा सांधा फेल गेला, तर डॉक्टरांनी तेच टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं

आपल्या सोसायटीत एखाद्या तरी आजींचा खुबा बदललेला असतोच. ऑपरेशन होतं, हातात वॉकर येतो आणि काही महिन्यांत आजी भाजी आणायला खाली उतरतात. आज याचं कुणाला नवल वाटत नाही. पण हे ऑपरेशन भरवशाचं झालं त्यामागं एका हट्टी इंग्रज डॉक्टरांची चूक आहे, आणि ती चूक त्यांनी लपवली नाही.

त्यांचं नाव जॉन चार्नली.

जन्म २९ ऑगस्ट १९११ चा, इंग्लंडमधल्या बरी गावातला. वडील औषधांचं दुकान चालवायचे, आई नर्स होती. मँचेस्टरला डॉक्टरकी केली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून डंकर्कच्या माघारीत होते, पुढं कैरोला गेले. तिथं वर्कशॉपमध्ये बसून ते ऑपरेशनची अवजारं आणि स्प्लिंट बनवून घ्यायचे. यंत्रांचं वेड होतंच.

प्रयोगाचं वेड तर त्याहून जास्त. हाड कसं जुळतं हे बघायला त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच पायाच्या हाडावर ऑपरेशन करून घेतलं. इन्फेक्शन झालं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

तर झालं असं की, त्यांच्याकडं एक पेशंट आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवला होता. तो जेवायच्या टेबलावर पुढं वाकला की सांधा इतका कुरकुरायचा की बायको उठून जायची. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नलींनी ओळखलं, खरा घोळ घर्षणाचा आहे.

मग त्यांनी धातूचा छोटा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी जोडी बनवली. पेशंट चालायला लागले, दुखणं गेलं. सुमारे ३०० जणांना हे सांधे बसले. पण तीन-चार वर्षांतच टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुग्यानं आजूबाजूचा भाग खराब झाला आणि सांधे ढिले पडले. चार्नलींनी त्या पेशंटना परत टेबलावर घेतलं आणि एकेक ऑपरेशन स्वतः निस्तरलं.

१९६२ साली एक सेल्समन नवं प्लास्टिक घेऊन आला. चार्नलींनी त्याला उडवून लावलं. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी साहेब परदेशी गेलेले असताना गुपचूप ते मशीनवर लावलं. तीन आठवडे घासूनही ते टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकं झिजलं नव्हतं. हेच ते पॉलिथिलीन.

यावेळी चार्नलींनी घाई केली नाही. दोन्ही प्लास्टिकचा भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिलीननं फारसा त्रास दिला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये नवा सांधा बसला. तरीही पुढची काही वर्षं त्यांनी तो इतर सर्जनना मोकळेपणानं मिळू दिला नाही. आधी माझ्याकडं येऊन शिका, मग वापरा, असा नियम होता.

आता खरी गंमत. हाडाचे डॉक्टर असले तरी चार्नलींचा हिशोब स्नायूंचा होता. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा तोल सांभाळतात ते खुब्याच्या बाजूचे स्नायू. ते कमजोर पडले तर सांधा कितीही भारी असो, माणूस लंगडतोच. म्हणून ते मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा स्नायूंसकट कापायचे आणि नंतर थोडा बाहेरच्या बाजूला तारेनं बांधायचे. कडी बिजागरीपासून लांब असली की दार हलकं उघडतं, तसंच हे. पण कधी तार तुटायची, हाड जुळायचं नाही आणि लंगडणं राहायचं. पुढं बहुतेक सर्जननी ही पद्धत सोडली.

ऑपरेशननंतर स्नायूंचं आत काय झालं, हे बघायची सोय त्यांच्याकडं नव्हती. एक्स-रेत हाड दिसतं, स्नायू नीट दिसत नाहीत. सांध्याचं काय झालं हे कळावं म्हणून तर त्यांनी पेशंटकडूनच मृत्यूनंतर सांधा तपासायची परवानगी मागून घेतली होती.

हे काम आज एमआरआय करतो. धातूमुळं फोटो फाटतो, पण तो गोंधळ कमी करायची तंत्रं आता आहेत. स्नायू किती बारीक झाला, त्यात चरबी किती भरली, हाडाला जोडणारा दोर तुटलाय का, हे दिसतं. अर्थात, मजेत चालणाऱ्यांच्या स्नायूतही थोडी चरबी दिसू शकते. काही वेळा स्नायू ऑपरेशनआधीच, दुखण्यामुळं पाय न वापरल्यानं वाळलेला असतो. म्हणून डॉक्टर नुसता फोटो बघत नाहीत, चालही बघतात.

१९७७ ला चार्नली सर झाले. ५ ऑगस्ट १९८२ ला ते गेले, तेव्हा एमआरआय हॉस्पिटलमध्ये नुकताच येत होता.

सांधा बदलला म्हणजे काम संपलं, असं चार्नलींनी कधी मानलं नाही. तुमच्या घरातल्या आजींचा खुबा बदलला असेल आणि महिने उलटूनही त्या लंगडत असतील, तर वयाला दोष देऊन गप्प बसू नका. डॉक्टरांना स्नायूंबद्दल विचारा.