दिवसा अपना बाजार, रात्री बतावणी : सिनेमाआधीचे दादा कोंडके

दादा कोंडके म्हटलं की ढगळ हाफचड्डी, लोंबणारी नाडी आणि द्वयर्थी संवाद आठवतात. सलग ९ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नाव गेलं, हेही बहुतेकांना पाठ असतं. पण हा माणूस पडद्यावर पहिल्यांदा दिसला तेव्हा सदतिशीला टेकला होता. मग तोपर्यंत काय करत होता?

नोकरी. आणि नोकरी सांभाळून लोकांना हसवणं.

दादांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा. नाव कृष्णा. मूळ गाव भोरजवळचं इंगवली, पण वाढले मुंबईत नायगाव-लालबागच्या चाळींत. पोरगा तसा वांडच होता, मारामाऱ्यांत पुढे. तरुणपणी एका वर्षाच्या आत जवळची बरीच माणसं गेली. दादा गप्प झाले, खाणंपिणंही सुटल्यासारखं झालं. त्यातून बाहेर पडताना त्यांनी ठरवलं, आता लोकांना हसवायचं. दुःखातून विनोद वगैरे ऐकायला घासून गुळगुळीत झालेलं वाटेल, पण इथे तसंच घडलं होतं.

पोटासाठी मात्र पगार लागतो. नायगावच्या कामगारांनी १९४८ साली एक सहकारी ग्राहक संस्था सुरू केली होती. पुढे तिला सगळे अपना बाजार म्हणून ओळखू लागले. दादा तिथे नोकरीला लागले. दुकान सुटलं की राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. हे कलापथक म्हणजे नोकरदार कलाकारांची शाळाच होती. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत, राम नगरकरांचं केशकर्तनालय होतं. दोघेही इथूनच घडले. (समाजवाद्यांच्या तालमीतले दादा पुढे बाळासाहेब ठाकरेंच्या जवळ गेले, तो वेगळा विषय.)

आता हे सगळं जमायचं कसं? एक कारण साधं आहे. घर, दुकान, तालीम, परळचं दामोदर नाट्यगृह, सगळं जवळजवळ पायी फिरण्याच्या अंतरात. प्रेक्षकही गिरणीचे, स्वतः पाळ्यांत काम करणारे. गणेशोत्सवात तर मंडप दारातच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबं कल्याणपलीकडे सरकली. आज उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळी स्टँडअप करू पाहणाऱ्या पोराचं गणित बघा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. स्टेजवर पाच मिनिटं मिळणार आणि डोळा मात्र घड्याळाकडे, शेवटची लोकल चुकायला नको. दादांकडे त्याच्यापेक्षा पैसे जास्त नव्हते. अंतर कमी होतं.

नंतर दादांनी स्वतःची पार्टी काढली. म्हणजे नट आणि मालक एकच. 'खणखणपूरचा राजा' या लोकनाट्यातलं त्यांचं काम लेखक वसंत सबनीसांना आवडलं होतं. तो धागा धरून दादा त्यांच्याकडे नवं लोकनाट्य मागायला गेले. सबनीसांनी पैसे न घेता लिहून दिलं. ते होतं 'विच्छा माझी पुरी करा'. गंमत म्हणजे सबनीस स्वतः सरकारी नोकरीत, आणि नाटकात थट्टा कारभाराचीच. कोतवालाच्या जागेवर हवालदाराचा हक्क असतो, पण प्रधान तिथे आपला माणूस बसवतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाचा काटा काढायचा डाव रचतात. हवालदार अर्थात दादा.

१९६५ च्या सुमारास आलेल्या या वगाचे १५०० हून अधिक प्रयोग झाले. इतक्या वेळा तेच बोलून माणूस कंटाळेल की. पण लोकनाट्यात सोंगाड्याला मोकळीक असते. गण-गवळण झाली की बतावणीत ताज्या बातमीवर, पुढाऱ्यावर, समोरच्या गावावर काहीही बोलता येतं. दादा ती पुरेपूर घेत. सत्तेतल्या काँग्रेसवरचे टोमणे तर ठरलेलेच. माझ्या मते त्यांची खरी ताकद इथे होती. सिनेमात तिचा अर्धाच भाग आला.

हे प्रयोग बघणाऱ्यांत आशा भोसले होत्या. त्यांनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९ साली 'तांबडी माती' आला. १९७१ मध्ये दादांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला, पुढचं तुम्हाला माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते हे, की निर्माता आणि हिरो झाल्यावरही दादांनी स्टेज सोडलं नाही. १९७५ साली 'पांडू हवालदार' थिएटरात लागला, आणि त्याच वर्षी हैदराबादला 'विच्छा'चा ११०० वा प्रयोग झाला. पडद्यावरही हवालदार, रंगमंचावरही हवालदार.

१४ मार्च १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दादा गेले. दादरला, नायगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर.